भिंतींचे डॉक्टर

डॉक्टर खांबेटे कोणाच्याही घरी गेले की आधी भिंत तपासतात. डावा पंजा भिंतीवर सपाट टेकवायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर टकटक करायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. जुने डॉक्टर छाती तपासायचे तसं. घरातली माणसं समोर चहा घेऊन उभी असली तरी तपासणी पुरी झाल्याशिवाय ते खुर्चीत बसत नाहीत.

आम्ही कार्डिफला त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आलो त्या दिवशी मी खोक्यांच्या मध्ये बसून कुकरची शिट्टी शोधत होते. दार उघडंच होतं. एक उंच, वाळके गृहस्थ आत आले, हातातला स्टीलचा डबा त्यांनी एका खोक्यावर ठेवला आणि सरळ भिंतीशी जाऊन टकटक सुरू केली. मला वाटलं, कौन्सिलचा माणूस असावा. ओलीबिलीची तक्रार आधीच्यांनी केली असेल.

"वरून जिप्सम आहे," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "पण आत चुना. शंभर वर्षांची बाई आहे आणि तिला प्लास्टिकचा रेनकोट घालून उभी केलीय. श्वास कसा घेणार?"

"कोण बाई?" मी विचारलं.

"ही." त्यांनी भिंतीला थोपटलं. "नमस्कार. मी खांबेटे, शेजारी. डब्यात शिरा आहे. साखर जरा जास्त झालीय, पण तुम्ही आज दमलेल्या असाल, चालेल."

मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. विक्षिप्त डॉक्टर मला नवे नाहीत, निम्मी हयात त्यांची अक्षरं लावण्यात गेली. मी शिरा खाल्ला आणि शिट्टी शोधायला लागले. साखर खरंच जास्त होती.

डॉक्टर तरुणपणी मिरजेहून वेल्समध्ये आले आणि इथलेच झाले. भूल देणं हा त्यांचा व्यवसाय. ते स्वतःला अॅनेस्थेटिस्ट कधीच म्हणवत नाहीत, 'भूलवाला' म्हणवतात. "सर्जन कापतो आणि कॉफी प्यायला जातो," असं त्यांचं म्हणणं. "भूलवाला उशाशी बसून राहतो." आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या एका जुन्या नर्सने मला सांगितलं होतं की सुई टोचल्यावर डॉक्टर प्रत्येक पेशंटच्या कपाळावर हात ठेवून तेच वाक्य म्हणायचे: मी इथेच आहे, तुम्ही उठेपर्यंत कुठेही जात नाही. घाईची केस असली तरी म्हणायचे. सर्जन वैतागायचे.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांच्या पत्नी कुमुदताई गेल्या. आम्ही इथे येण्याच्या आधीची गोष्ट, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यानंतर डॉक्टर सोळाव्या शतकात राहायला गेले.

झालं असं की, एका दुपारी ते बसने उगीचच गावाबाहेर भटकत होते. पाऊस आला म्हणून एका खेड्यातल्या चर्चमध्ये शिरले. आत परांचीवर उभी राहून एक बाई हातात सर्जरीचं स्काल्पेल घेऊन भिंत खरवडत होती. पांढऱ्या चुन्याचा पापुद्रा सुटला आणि खाली एक तांबडी रेघ दिसली. बाईंनी अजून थोडं खरवडलं. रेघेला पायाची बोटं फुटली.

"मेधाबाई, गेरू होता तो," डॉक्टर हे सांगताना आजही खुर्चीत पुढे सरकतात. "आपला गेरू. सहाशे वर्षांपूर्वी कुणी वेल्श माणसाने गेरूने पाय काढले, पुढे त्यावर चुना फासला गेला, आणि मी समोर उभा असताना त्या पायाला हवा लागली."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं स्काल्पेल घेऊन हजर झाले. कोणी हात लावू दिला नाही हे बरंच झालं. त्यांना आधी चहा करण्याचं काम मिळालं, मग झाडण्याचं, आणि शेवटी बघायला येणाऱ्यांना माहिती सांगण्याचं. तिथल्या धर्मगुरू, व्हिकारबाई, त्यांना हा माणूस फार आवडला. रविवारी प्रार्थनेला न येता सोमवारी साफसफाईला येणारा एवढा निष्ठावान हिंदू त्यांना पूर्वी भेटला नव्हता.

तेव्हापासून कार्डिफला कुठल्याही मराठी घरी पाहुणे आले की डॉक्टरांना वास लागतो. किल्ला नंतर, समुद्र नंतर, आधी चर्च. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा विमानाच्या थकव्यातून उठल्या नव्हत्या, तरी डॉक्टर गाडी घेऊन दारात. चर्चमध्ये शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर ते चित्र दिसतं: गुडघाभर पाण्यातून एक दाढीवाला धिप्पाड माणूस चाललाय, हातात काठी, खांद्यावर लहान मूल. सासूबाईंनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"अगंबाई, वसुदेव," त्या म्हणाल्या. "इथे कसा?"

व्हिकारबाई शेजारीच होत्या. मी घाईघाईने सांगायला गेले की हा प्रवाशांचा संत, मूल म्हणजे त्यांचे देव, यमुना वगैरे काही नाही. डॉक्टरांनी मला गप्प केलं. "बरोबर ओळखलंत काकू. पूर आलाय, पोर खांद्यावर आहे, पलीकडे पोचवायचं आहे. नाव काहीही ठेवा." मग व्हिकारबाईंना त्यांनी यमुनेची सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली. बाईंनी ती पुढच्या रविवारी प्रवचनात वापरली. त्या भिंतीपुढे सासूबाईंनी पर्समधला खडीसाखरेचा खडा ठेवला, तो मी नंतर हळूच उचलून घेतला. मुंग्या होतात.

डॉक्टरांची माहिती सांगण्याची पद्धत अशी, की चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या राजघराण्याबद्दल ते भाऊबंदकीतल्यासारखं बोलतात. "बापाने सहा लग्नं केली आणि रोमच्या पोपशी भांडण काढलं. बाप गेला. मुलगा गादीवर आला, वय वर्षं नऊ, भोवती कडक सुधारक. त्यांनी हुकूम काढला: चर्चमध्ये चित्रं नकोत, मूर्ती नकोत, सगळीकडे चुना फासा. फासला. मुलगा गेला, मोठी बहीण आली. ती जुन्या मताची. म्हणाली, परत लावा सगळं. लोकांनी पुरलेल्या मूर्ती उकरून काढल्या. ती गेली, धाकटी आली. म्हणाली, काढा परत. आता गावच्या माणसाने करायचं काय? आमच्या हॉस्पिटलात दर दोन वर्षांनी नवं मॅनेजमेंट यायचं, तेव्हा आम्ही काय केलं? वरून हुकूम आला की फळा बदलायचा आणि खाली पेशंट सांभाळायचे."

'वरून हुकूम आला' हे त्यांचं लाडकं वाक्य. रस्ता बंद असला तरी वरून हुकूम, बिनसाखरेचा चहा मिळाला तरी वरून हुकूम. पण चर्चमध्ये ते म्हणताना त्यांचा आवाज बदलतो. ते पाहुण्यांना चित्राच्या अगदी जवळ नेतात.

"डोळे बघा याचे. शाबूत आहेत. दुसऱ्या गावांत मी पाहिलंय, खिळ्याने डोळे खरवडून काढलेत. ज्यांचा राग होता त्यांनी ते केलं. इथे तसं नाही. इथे चुना लावणारा गावातलाच असणार. आदल्या महिन्यापर्यंत ह्याच चित्रापुढे मेणबत्ती लावत असेल. नाही म्हणाला असता तर धडगत नव्हती. लावला त्याने. पण ब्रश बघा कसा फिरवलाय, चेहऱ्यावर सगळ्यात पातळ. आपल्याकडे देवावर शेंदराचे थर चढतात आणि एक दिवस अख्खी खोळ सुटून आतली मूर्ती निघते, तसं आहे हे. मारायला फासलेल्या चुन्याने जपलं. उघडं राहिलं असतं तर मेणबत्त्यांच्या काजळीनेच गेलं असतं."

मी हे भाषण इतक्या वेळा ऐकलंय की मधेच घड्याळ बघायचे. वाईट वाटायचं कारण नाही, डॉक्टरांचे श्रोते बसल्या जागी पेंगतात याचा त्यांना स्वतःलाच अभिमान आहे. "सवय जात नाही हो हाताची," म्हणतात.

आमच्या मराठी मंडळात तर त्यांची एक खुर्ची ठरलेली आहे, मागच्या दाराजवळची. वाद निघाला की सगळे वळून तिकडे बघतात, आणि डॉक्टर डोळे न उघडता म्हणतात, "झालेलं आहे हे सगळं. सोळाव्या शतकात."

एका गणपतीला आरतीवरून जुंपली. पुण्याहून नव्याने आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचं म्हणणं, मुलांसाठी आरत्या रोमन लिपीत छापू आणि खाली इंग्रजीत अर्थ देऊ. आमचे साठेकाका भडकले. साठेकाका मंडळाचे संस्थापक, त्यामुळे भडकणं त्यांच्याकडेच असतं.

"आरती समजायची नसते," ते म्हणाले. "म्हणायची असते."

"अहो काका, पण मुलं विचारतात ना," रेवती नावाची मुलगी म्हणाली, "मम्मी, व्हॉट अॅम आय अॅक्च्युअली सिंगिंग? मला पण सगळं येत नाही सांगता."

"मग शिक."

"ऑफिस सांभाळून?"

मागून आवाज आला. "झालेलं आहे हे सगळं. सोळाव्या शतकात. धर्म लोकांच्या भाषेत छापायचा की नाही, हेच भांडण."

"मग काय केलं तेव्हा?" साठेकाकांनी विचारलं.

"छापणाऱ्याला जाळलं."

रेवतीने हातातला लॅपटॉप मिटला.

"पण छापलेलं राहिलं," डॉक्टर म्हणाले. "वेल्शमध्ये धर्मग्रंथ छापला म्हणून ही भाषा टिकली, नाहीतर आज बसवर पाट्या एकाच भाषेत असत्या. आपण तर पार आधीच संस्कृतातलं मराठीत आणून बसलोय. द्या कागद वाटून, साठे."

"खांबेटे, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

"मी भूलवाला. कापाकापी दोन्ही बाजूंनी चालते तेव्हा पेशंट जिवंत ठेवायचा, एवढंच माझं काम."

कागद वाटले गेले. साठेकाकांनी स्वतःचा घडी करून खिशात ठेवला. आरतीत तिसऱ्या कडव्याला त्यांची गाडी अडली, तेव्हा तो हळूच बाहेर आलेला मी पाहिला.

इतक्या सामाजिक माणसाचा एकच कडक नियम होता. त्यांच्या किचनमध्ये कोणी जायचं नाही. पुढच्या खोलीत बसायचं. चहा ते स्वतः करायचे आणि किचनचं दार वीतभर किलकिलं करून, आधी कप आणि मग स्वतः, असे बाहेर यायचे. मी पहिल्या वर्षी रिकामे कप घेऊन आत निघाले होते. ते दारात आडवे उभे राहिले. "मेधाबाई, ही हद्द." मी कप टीपॉयवर ठेवले. लोकांनी आपापले तर्क केले होते. रेवतीला वाटायचं, दारू असेल. साठेकाकूंना वाटायचं, भांडी साचली असतील. मला वाटायचं बुरशी. बायको गेलेल्या माणसाचं किचन उत्तरेकडच्या भिंतीला असलं की बुरशीच असते.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टर स्वतःच्याच जिन्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी आपल्या भूलवालीला इतक्या सूचना दिल्या की त्या बिचारीने त्यांना ठरल्याआधीच झोपवलं असं ऐकलं. घरी आले ते चालायचा वॉकर घेऊन. जिना बंद. पलंग पुढच्या खोलीत.

मग त्यांच्या मुलाचा, निखिलचा, ईलिंगहून फोन आला. निखिल चांगला मुलगा आहे. वाढला इथेच, त्यामुळे त्याचं मराठी प्रेमळ पण वाकडंतिकडं.

"मेधा आँटी, बाबा इम्पॉसिबल झालाय. मी इकडे खालचा रूम रेडी केला, बाथरूम पण खाली आहे. घर विकायला तो येस म्हणाला. एक कपल आहे, त्यांना घर खूप आवडला. पण किचन रंगवायला पाहिजे, मॅग्नोलिया, तो क्रीमसारखा कलर, आणि बाबा पेंटरला आत सोडत नाही. ते कपल थांबणार नाही ना. आणि तो परत पडला तर? एकटा?"

"मी बोलते," मी म्हटलं. निखिलचं बरोबर होतं. जिना चढू न शकणाऱ्या माणसाने जिन्याच्या घरात एकटं राहू नये, यात विचार करण्यासारखं काही नाही.

एस्टेट एजंटबाईंना मात्र डॉक्टरांनी किचन दाखवलं होतं. हद्दीपलीकडे गेलेलं ते पहिलं माणूस. त्या दोन मिनिटांत बाहेर आल्या आणि आपल्या गाडीशी मला भेटल्या. मी विचारलं, कसं आहे? त्यांनी शब्द शोधला आणि म्हणाल्या, "व्हेरी पर्सनल." इथला माणूस एखाद्या खोलीला पर्सनल म्हणतो तेव्हा परिस्थिती गंभीर असते. माझी बुरशीबद्दल खात्री झाली.

कुंपणापाशी डॉक्टरांना गाठलं. मार्च संपत आला होता, त्यांच्या वाफ्यात डॅफोडिल्स माना टाकून उभी होती.

"वरून हुकूम आला आहे, मेधाबाई," तेच म्हणाले.

"ऐकलं. मॅग्नोलिया."

"सगळं मॅग्नोलिया. निखिलला घाई आहे. चुकीचं नाही त्याचं. मी गेल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही."

"मग लावून टाका ना रंग. एका दिवसाचं काम."

"हुकूम मी मोडणार नाही. पण तो प्लास्टिकचा रंग, इमल्शन, लावणार नाही." त्यांनी वॉकर एक पाऊल पुढे घेतला. "चुना मागवलाय. जुन्या इमारतींचं सामान विकणारे आहेत, त्यांच्याकडून. मला डबा उचलवणार नाही म्हणून तुमचा पत्ता दिलाय. तुम्हाला चालेल ना?"

"पत्ता दिल्यावर विचारताय?"

"हो. नाही म्हणायला वाव नको म्हणून."

डबा आला. तो मी ओढत त्यांच्या दारात नेला. शनिवारची सकाळ होती. चुना डोळ्यांत गेला तर काय होतं हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे, त्यामुळे मी हॉस्पिटलच्या सवयीने हातमोजे आणि दोघांसाठी चष्मे नेले होते. डॉक्टरांनी चष्मा चढवला, किचनचं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले.

किचन माझ्या किचनपेक्षा स्वच्छ होतं. सांगायला आवडत नाही, पण होतं. ओटा चकचकीत, कप उपडे, फडकं घडी करून. आणि चूल होती त्या जुन्या धुराड्याच्या अख्ख्या भिंतीवर, जमिनीपासून हात पुरेल तिथपर्यंत, गेरूने आणि पांढऱ्याने काढलेलं चैत्रांगण.

माझ्या आईने चैत्रात अंगणात रांगोळीने काढलेलं मी पाहिलं होतं. गौर झोपाळ्यावर, बाजूला चंद्र-सूर्य, शंख, कासव, हत्ती, फणी-करंडा, तुळस. ते सगळं इथे होतं. आणि इतरही होतं. नागाच्या जागी वेल्सचा ड्रॅगन, पण फणा काढलेला. तुळशीवृंदावनाशेजारी डॅफोडिल. हत्तीच्या मागे मेंढ्या. गौरीच्या डोक्यावर छत्र असतं तिथे चक्क दांडीची छत्री, एक काडी मोडलेली. रग्बीचा लंबुळका चेंडू, दुडदुडणारं एक पोर, आणि एका कोपऱ्यात टेबलावर झोपलेला माणूस, त्याच्या उशाशी स्टूलवर बसलेला एक उंच वाळका.

"पहिल्या वर्षी कुमुदने दारात काढलं," डॉक्टर म्हणाले. "पावसाने धुऊन नेलं. दुसऱ्या वर्षी तेच. ह्या भिंतीचा वॉलपेपर ओलीने गळून पडलेला होता, आतला चुना उघडा. म्हणाली, इथे काढते. मी ओरडलो, घर आहे का देऊळ? तर म्हणाली, चैत्रात गौर माहेरी येते. तिला घर ओळखता यायला नको? ह्या गल्लीतली सगळी घरं सारखी."

ते खरं आहे. मी स्वतः दोनदा भलत्याच दाराला किल्ली लावली आहे.

"मग दर वर्षी एक काहीतरी वाढवायची. शेवटच्या वर्षी हात थरथरत होता. एवढंच काढलं." त्यांनी वॉकरच्या दांड्याने खाली दाखवलं. फरशीलगत गाईची पावलं होती, वाकडी, एकमेकांना चिकटलेली.

"निखिलने पाहिलंय?"

"त्याची उंची ह्याच भिंतीपुढे वाढली. त्याने फोटो काढलेत. चांगले आलेत." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "नव्या मंडळींना ठेवा म्हणून सांगता येणार नाही. त्यांचं घर. आणि एजंटबाईंचा पेंटर इमल्शन लावणार, ते एकदा बसलं की खालचं घेऊनच निघतं. चुन्याखालचं पुन्हा शाबूत निघतं. बघितलंय मी."

मी डब्याचं झाकण उघडलं. अशा वेळी दुसरं काय करतात मला माहीत नाही. पाणी घालून ढवळलं.

"दाट झालंय," डॉक्टर म्हणाले. "दुधासारखं करा. सायीसारखं नको."

त्यांना वर हात जात नव्हता, त्यामुळे वरचा भाग माझ्याकडे आला आणि स्टूलवर बसून खालचा त्यांच्याकडे. मी नेहमीसारखा ब्रश फिरवला, तर गेरू पुसटसा ओढला गेला.

"ओढायचा नाही, मेधाबाई. टेकवायचा. पेशंट आहे."

मी टेकवू लागले. सूर्य, चंद्र, छत्री. गौरीच्या चेहऱ्याशी आल्यावर मी थांबले आणि खाली बघितलं. त्यांनी नुसती बोटांनी खूण केली, पातळ. मी ब्रश डब्याच्या कडेला निथळून घेतला.

पण गंमत अशी की लावून झालं तरी काही झाकलं गेलं नव्हतं. ओल्या चुन्यातून सगळंच्या सगळं दिसत होतं, उलट गेरू आणखी गडद झाला होता. मला वाटलं, फसलं हे.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "तो लावताना पारदर्शक असतो. वाळत जाईल तसा पांढरा होतो. चहा टाका."

त्या किचनमध्ये मी प्रथमच चहा केला. डब्यांवर कुमुदताईंच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या, त्यामुळे साखर लगेच सापडली. आम्ही चष्मे कपाळावर सरकवून दोन खुर्च्यांवर भिंतीकडे तोंड करून बसलो. वरचा कोपरा आधी वाळला. सूर्य गेला. मग मेंढ्या एकेक करून. मी मधेच विचारलं, नव्या लोकांना काय सांगायचं? ते म्हणाले, सांगा की ओलीची भिंत आहे, हिला प्लास्टिकचा रंग चालत नाही, श्वास लागतो. मी म्हटलं, सांगते. त्यात खोटं काही नव्हतं.

"दुसरा हात उद्या," मी म्हटलं.

"हं."

झोपाळा दिसेनासा व्हायला लागला तेव्हा डॉक्टर वॉकरला धरून उठले. मला वाटलं, टकटक करून बघणार. त्यांनी केली नाही. गौरीचं कपाळ होतं तिथे, ओल्या चुन्याला लागणार नाही इतक्या अंतरावर, त्यांनी पंजा धरला.

"मी इथेच आहे," ते म्हणाले. "कुठेही जात नाही."

ईलिंगला सामान न्यायची व्हॅन गुरुवारी यायची होती. मी ब्रश धुवायला घेतले, चुना वाळला की केस कडक होतात.